पांढऱ्यात लपलेलं पांढरं

मॅमोग्राफीचा अहवाल जेमतेम एक-दोन पानांचा असतो आणि पुण्यात तो बहुधा इंग्रजीतच मिळतो. पाकीट उघडलं की घरातलं इंग्रजी वाचणारं माणूस, बहुतेक वेळा मुलगी किंवा सून, थेट शेवटचा परिच्छेद गाठतं. संशयास्पद काही आढळलं नाही, अशा अर्थाची ओळ तिथे दिसली की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. बहिणीला फोन जातो, देवापुढे साखर ठेवली जाते आणि अहवाल कपाटातल्या फाइलीत जातो. त्याच पानावर थोडं वर आणखी एक ओळ असते. स्तनाची घडण कशी आहे ते त्या ओळीत लिहिलेलं असतं आणि पुढे ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर असतं. डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं नाही, तर ती ओळ कोणीही वाचत नाही. शेवटच्या परिच्छेदावर किती विसंबायचं, हे मात्र बरंचसं त्या अक्षरावर ठरतं.

स्तनात दूध तयार करणाऱ्या ग्रंथी असतात, दूध वाहून नेणाऱ्या नलिका असतात, या सगळ्यांना धरून ठेवणारे तंतू असतात आणि उरलेल्या जागेत चरबी असते. हे प्रमाण प्रत्येकीत वेगळं असतं. क्ष-किरण चरबीतून सहज आरपार जातात, म्हणून चित्रात चरबी करडी-काळी दिसते. ग्रंथी आणि तंतू किरणांना अडवतात, त्यामुळे ते पांढरे दिसतात. अडचण अशी की कर्करोगाची गाठही पांढरीच दिसते. तांदूळ निवडताना काळा खडा नजरेला आपोआप सापडतो, पांढरा खडा दाताखाली आल्यावरच कळतो. चरबी जास्त असलेल्या स्तनात लहानशी गाठही उठून दिसते. ग्रंथी आणि तंतू दाटीने भरलेल्या स्तनात तेवढीच गाठ आजूबाजूच्या पांढऱ्यात मिसळून जाते. डॉक्टर ज्याला 'डेन्स ब्रेस्ट' म्हणतात, मराठीत आपण ज्याला स्तनाची घनता म्हणू, ती एवढीच गोष्ट आहे. तो आजार नाही आणि दोषही नाही. चाळिशीपुढच्या साधारण निम्म्या स्त्रियांच्या अहवालात सी किंवा डी हे अक्षर येतं.

हाताने चाचपून घनता कळत नाही, हे इथेच सांगून टाकायला हवं. हाताला घट्ट लागणारा स्तन क्ष-किरणाच्या चित्रात चरबीचा निघू शकतो आणि मऊ लागणारा दाट निघू शकतो. आकारावरूनही काही ठरवता येत नाही. तरुणपणी घनता जास्त असते, वय वाढतं आणि पाळी जाते तशी ती बहुतेकींमध्ये कमी होते. सडपातळ स्त्रियांमध्ये ती तुलनेने जास्त आढळते. पाळी गेल्यावर संप्रेरकांच्या गोळ्या घेतल्या तर ती वाढू शकते आणि टॅमॉक्सिफेन या औषधाने कमी होते. बराचसा भाग आनुवंशिक असतो. आहाराने किंवा मालिशने घनता घालवता येते असं कोणी सांगत असेल, तर त्याला पैसे देऊ नका.

आता तपासणीच्या खोलीत जाऊ, कारण अनेकींचं पाऊल तिथेच अडतं. पाळी येत असेल तर पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते बाराव्या दिवसाच्या आसपास जावं, तेव्हा स्तन कमी दुखरे असतात. त्या दिवशी काखेत आणि छातीवर पावडर किंवा डिओ लावू नये, कारण त्यांतले कण चित्रात बारीक पांढऱ्या ठिपक्यांसारखे उमटू शकतात आणि तसेच ठिपके डॉक्टर शोधत असतात. सलवार-कमीज किंवा ब्लाउज-साडी असा दोन भागांतला पोशाख बरा. खोलीत गेल्यावर गळ्यातलं सगळं काढावं लागतं, मंगळसूत्रसुद्धा. पुष्कळ बायका इथे थबकतात. काहीजणी ते मुठीत घट्ट धरून यंत्रापाशी उभ्या राहतात, काही पर्समध्ये ठेवून पर्स नजरेसमोर ठेवायला सांगतात. तंत्रज्ञ बहुधा स्त्रीच असते. ती स्तन एका पट्टीवर ठेवते, वरून पारदर्शक फळी खाली येते आणि स्तन दाबला जातो. "खांदा सैल सोडा, मान तिकडे करा, श्वास रोखा" एवढं होईतो चित्र निघालेलं असतं. एकदा वरून आणि एकदा तिरकं, अशी दोन्ही बाजूंची मिळून चार चित्रं काढतात. दाब दुखतो, हे खरं. तो काही सेकंदांचा असतो आणि त्याला कारण आहे: स्तन जितका पसरेल तितके एकावर एक आलेले थर वेगळे होतात आणि किरणांची मात्राही कमी लागते. ती मात्रा आपल्याला निसर्गातून साधारण दोन महिन्यांत मिळते तेवढीच असते. तपासणीनेच कर्करोग होतो, ही भीती मनातून काढून टाकावी.

या चित्रांवरून अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीने ठरवलेल्या पद्धतीनुसार घनतेचं अक्षर दिलं जातं. ए म्हणजे जवळजवळ सगळी चरबी. बी म्हणजे इथे-तिथे विखुरलेले दाट भाग. सी म्हणजे बराचसा भाग दाट, त्यात लहान गाठी झाकल्या जाऊ शकतात. डी म्हणजे अतिशय दाट. दोन्ही टोकांना, म्हणजे ए आणि डी गटांत, प्रत्येकी साधारण दहा टक्के स्त्रिया असतात आणि उरलेल्या बी व सी यांत विभागलेल्या असतात. चरबीच्या स्तनात मॅमोग्राफी दहापैकी साधारण नऊ कर्करोग पकडते. अतिशय दाट स्तनात हे प्रमाण सहा-सातवर येतं. 'नॉर्मल' हा शब्द दोन्ही अहवालांत सारखाच छापला जातो, वजन मात्र सारखं नसतं.

याच अहवालात शून्य ते सहा असे आकडेही असतात आणि घरोघरी अक्षर आणि आकडा यांची गल्लत होते. आकडा संशयाची पातळी सांगतो. शून्य म्हणजे चित्र अपुरं आहे, आणखी तपासणी करा. एक आणि दोन म्हणजे काळजीचं काही नाही. तीन म्हणजे बहुधा निरुपद्रवी, पण साधारण सहा महिन्यांनी पुन्हा पाहा. चार आणि पाच म्हणजे सुईने तुकडा काढून तपासायलाच हवा. सहा म्हणजे कर्करोग आधीच सिद्ध झालेला आहे. म्हणजे 'घनता सी, वर्ग एक' असा अहवाल आला, तर अर्थ इतकाच: चित्रात संशयास्पद काही दिसलं नाही, पण हे चित्र फार पारदर्शक नव्हतं.

घनतेची दुसरी बाजू जास्त घाबरवणारी आहे आणि ती नेमकी सांगणं भाग आहे. 1976 साली अमेरिकेतल्या जॉन वुल्फ या डॉक्टरांनी मांडलं की स्तनाच्या घडणीचा कर्करोगाच्या धोक्याशीच संबंध आहे. त्यांच्यावर बरीच टीका झाली. कॅनडातल्या नॉर्मन बॉइड यांनी हा धागा पुढे अनेक वर्षं चिवटपणे धरून ठेवला आणि 2007 सालच्या त्यांच्या अभ्यासात दिसलं की तीन चतुर्थांशाहून अधिक भाग दाट असलेल्या स्त्रियांना, दहा टक्क्यांहून कमी भाग दाट असलेल्या स्त्रियांच्या तुलनेत, कर्करोगाचा धोका जवळपास पाचपट असतो. बातम्यांत हा 'पाचपट'च फिरतो. ही तुलना दोन टोकांची आहे. नेहमीच्या सरासरी स्त्रीशी तुलना केली, तर डी गटातल्या स्त्रीचा धोका साधारण दुपटीच्या आसपास येतो आणि सी गटातलीचा त्याहून बराच कमी. निम्म्या स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या गोष्टीला शाप समजून चालणार नाही. सख्ख्या आईला किंवा बहिणीला तरुण वयात हा आजार झालेला असेल आणि अक्षरही डी असेल, तर मात्र दोन्हींचा विचार एकत्रच व्हायला हवा.

हे अक्षर बाईला सांगायचं की नाही, यावर अमेरिकेत मोठा झगडा झाला. कनेक्टिकट राज्यात राहणाऱ्या नॅन्सी कॅपेलो दरवर्षी न चुकता मॅमोग्राफी करत होत्या आणि अहवाल दरवर्षी नॉर्मल येत होता. 2004 साली असाच एक नॉर्मल अहवाल आल्यावर काही आठवड्यांतच त्यांच्या डॉक्टरांच्या हाताला काहीतरी लागलं. तपासणीत कर्करोग निघाला, तोही तिसऱ्या टप्प्यातला, काखेतल्या गाठींपर्यंत पसरलेला. तो आधी का दिसला नाही, असं विचारल्यावर त्यांना उत्तर मिळालं की तुमचे स्तन दाट आहेत. ही गोष्ट डॉक्टरांच्या कागदांत होती, त्यांना मात्र कोणीही सांगितली नव्हती. बाईंनी पिच्छा पुरवला. 2009 साली कनेक्टिकटने कायदा करून घनता कळवणं बंधनकारक केलं आणि एकेक करत बहुतेक राज्यं त्या वाटेने गेली. 2018 साली कॅपेलो गेल्या. त्यांच्या मागे, 10 सप्टेंबर 2024 पासून, तो नियम संपूर्ण अमेरिकेला लागू झाला. तिथे आता प्रत्येक स्त्रीला साध्या भाषेत कळवावं लागतं की तुमचे स्तन दाट आहेत की नाहीत. भारतात असा कायदा नाही.

कळल्यावर पुढे काय करायचं, हा खरा अवघड प्रश्न आहे. पहिला पर्याय सोनोग्राफीचा. तिच्यात ध्वनिलहरी वापरतात, त्यामुळे पांढऱ्यावर पांढरं ही अडचण येत नाही. दाट भाग उजळ दिसतो आणि बहुतेक गाठी गडद दिसतात. जपानमध्ये चाळीस ते एकोणपन्नास वयाच्या सुमारे 73 हजार स्त्रियांवर मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2016 साली आले. आपल्याला तो जवळचा आहे, कारण त्या वयात घनता जास्त असते आणि आपल्याकडेही याच वयात पुष्कळ रोगी सापडतात. नुसत्या मॅमोग्राफीने शंभरातले 77 कर्करोग पकडले, सोनोग्राफीची जोड दिल्यावर 91. मात्र कर्करोग नसताना संशयाने पुढच्या तपासण्यांना पाठवलेल्या स्त्रियांची संख्याही वाढली. दुसरा पर्याय एमआरआय. नेदरलँड्समध्ये पन्नास ते पंचाहत्तर वयाच्या, अतिशय दाट स्तन असलेल्या चाळीस हजारांवर स्त्रियांमधून काहींना मॅमोग्राफी नॉर्मल आल्यावर एमआरआयचं आमंत्रण दिलं गेलं. 2019 साली निकाल आला. पुढच्या दोन वर्षांत, म्हणजे पुढच्या तपासणीच्या आधीच उपटणाऱ्या कर्करोगांचं प्रमाण आमंत्रण न मिळालेल्या गटात हजारी पाच होतं, आमंत्रण मिळालेल्या गटात अडीच. इथेही खोट्या संशयाची किंमत होतीच: एमआरआय केलेल्या दर हजारातल्या सुमारे 80 जणींना नसलेल्या कर्करोगासाठी पुढच्या तपासण्यांना सामोरं जावं लागलं. त्रिमितीय मॅमोग्राफी म्हणजे टोमोसिंथेसिस हा तिसरा पर्याय. त्यात स्तनाची पातळ पातळ थरांतली चित्रं मिळतात आणि एकमेकांवर आलेले भाग सुटे करून पाहता येतात. पुण्यातल्या मोठ्या केंद्रांत ही यंत्रं आता आहेत.

यातल्या कोणत्याही जोडतपासणीने मृत्यू कमी होतात, असा थेट पुरावा अजून हाती नाही. म्हणूनच अमेरिकेतल्या सरकारनियुक्त तज्ज्ञगटाने 2024 साली, चाळीस ते चौऱ्याहत्तर वयात दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी करा असं सांगितलं, पण दाट स्तनांसाठी जोडतपासणीची शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असंही नोंदवलं. डी आलेल्या सरसकट प्रत्येकीला एमआरआय लिहून देणारा दवाखाना भेटला, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं. डी आलं आहे हे न सांगताच 'सगळं छान' म्हणणाऱ्या दवाखान्याकडूनही आपण कारण मागायला हवं. वय, घरातला इतिहास, घनता आणि आधीच्या तपासण्या समोर ठेवून डॉक्टर आणि रुग्ण यांनी मिळून ठरवावं, हा माझ्या मते आजचा प्रामाणिक मार्ग आहे. मला विचाराल तर सी किंवा डी आलेल्या चाळिशीतल्या बाईने निदान सोनोग्राफीबद्दल डॉक्टरांशी बोलावंच.

आता आपल्या घरच्या परिस्थितीकडे येऊ. 2022 सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे 1 लाख 92 हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग होतो आणि सुमारे 98 हजार स्त्रिया त्याने मरतात. मृत्यूंचा आकडा निदानांच्या निम्म्याहून जास्त आहे. हा आजार लवकर सापडला तर बहुतेकजणी बऱ्या होतात. तरीही एवढे मृत्यू होतात, कारण आपल्याकडे तो उशिरा सापडतो. आपल्याकडे कर्करोगाच्या नोंदी ठेवण्याचं काम मुंबईत 1963 साली इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केलं, पुढच्या दशकात पुणेही त्यात आलं आणि 1987 साली बार्शीला देशातली पहिली ग्रामीण नोंदणी उभी राहिली. बार्शीच्या नोंदींत बरीच वर्षं गर्भाशयमुखाचा कर्करोग पहिला होता. पुण्या-मुंबईत स्तनाच्या कर्करोगाने त्याला केव्हाच मागे टाकलं. लग्न आणि मूल उशिरा, मुलं कमी, अंगावर पाजण्याचे महिने कमी, वजन जास्त, ही शहरी आयुष्याची कारणं त्यामागे आहेत. निदानाचं वयही आपल्याकडे पाश्चात्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षांनी कमी आहे. आपली लोकसंख्याच तरुण आहे, हे त्याचं एक कारण. पण पुण्यातल्या कर्करोग विभागात पंचेचाळिशीतली रुग्ण दिसली, तर तिथल्या कोणाला नवल वाटत नाही. पंचेचाळिशी म्हणजे पाळी अजून चालू, म्हणजे घनता अजून शिल्लक.

तपासणीचं प्रमाण किती? 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांना विचारलं गेलं की कर्करोगासाठी तुमच्या स्तनांची तपासणी कधी तरी झाली आहे का. देशभरात शंभरातल्या एकीनेही हो म्हटलं नाही. आकडा 0.9 टक्का आहे. घनतेची चर्चा करताना ही जाणीव सोडून चालणार नाही. ए-बी-सी-डीची काळजी करण्याची वेळ यावी, यासाठी आधी तपासणीच्या दारापर्यंत पोचायला हवं.

मॅमोग्राफी सगळ्यांना पुरवणं शक्य नसेल तर काय, हा प्रश्न मुंबईत टाटा रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी 1998 साली हाती घेतला. मुंबईच्या वस्त्यांतल्या पस्तीस ते चौसष्ट वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रिया या अभ्यासात होत्या. निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत आणि संशय आला की टाटात पाठवत. उरलेल्या निम्म्या वस्त्यांत फक्त माहिती दिली गेली. कुठेही मॅमोग्राफी नव्हती. वीस वर्षं पाठपुरावा करून 2021 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हाताच्या तपासणीच्या वस्त्यांमध्ये पुढच्या टप्प्यांत सापडणाऱ्या कर्करोगांचं प्रमाण 37 टक्के निघालं, दुसरीकडे 47 टक्के. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये मृत्यूंत तसा फरक दिसला नाही, हेही त्याच अहवालात स्वच्छ लिहिलं आहे. वस्तीतली, शिकवून तयार केलेली बाई दुसऱ्या बाईला नीट हात लावून तपासते आणि त्याने जीव वाचतात, हे जगाला मुंबईने दाखवलं. याचा मराठी माणसाला अभिमान वाटायला हवा, आणि या कामाची आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही याची खंतही.

केंद्र सरकारने 2016 साली आखलेल्या कार्यक्रमातही याच तपासणीवर भर आहे. तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांची पाच वर्षांतून एकदा हाताने तपासणी व्हावी, असं त्यात ठरलं. आशाताई घरी येऊन प्रश्नांचा एक फॉर्म भरून घेतात, त्यानंतर आरोग्य केंद्रात नर्सबाई तपासतात. आशाताई तुमच्या दारात आल्या, तर 'आमच्याकडे सगळं ठीक आहे' म्हणून त्यांना परत पाठवू नका. हाताच्या तपासणीला चित्रातल्या पांढऱ्याची अडचण येत नाही. दाट स्तनांच्या बाबतीत तिचं मोल उलट वाढतं.

मॅमोग्राफीची गाडी तालुक्याच्या गावी शिबिरासाठी नेता येते. दाट स्तनांना जी जोडतपासणी सगळ्यात सोपी आणि स्वस्त, ती सोनोग्राफी मात्र तशी सहज नेता येत नाही. याला कारण महाराष्ट्राचाच इतिहास आहे. गर्भलिंग तपासून मुलींचे गर्भ पाडले जात होते, त्याविरुद्ध मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी लढा दिला आणि 1988 साली महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. 1994 साली केंद्राचा कायदा आला. त्यानुसार प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची आणि जागेची नोंदणी लागते आणि हलवता येणारं यंत्र नोंदणीच्या जागेबाहेर नेण्यावर कडक बंधनं आहेत. हा कायदा हवाच. तो सैल करा असं मी म्हणणार नाही, ज्या राज्याने मुली गमावल्या आहेत तिथे तर नाहीच. पण मुलींना वाचवण्यासाठी केलेला कायदा त्यांच्या आयांच्या स्तनतपासणीच्या वाटेत येऊ नये, यासाठी फक्त स्तनाच्या तपासणीपुरतं बांधलेलं यंत्र आणि शिबिरावर सरकारी देखरेख, अशी वाट काढणं अशक्य नाही. आरोग्य खात्याने रेडिऑलॉजिस्ट आणि स्त्री-संघटना यांना एकत्र बसवून ही वाट काढावी. मुंबई आणि पुण्याइतकी या चर्चेला योग्य शहरं दुसरी कुठली असतील असं मला वाटत नाही.

पुण्यात निव्वळ स्तनांच्या आजारांसाठी काम करणारी माणसंही आहेत. सेनापती बापट रस्त्यावर डॉ. चैतन्यानंद कोप्पीकर आणि लालेह बुशेरी यांनी उभं केलेलं प्रशांती कॅन्सर केअर मिशन आणि त्याचं ऑर्किड्स हे केंद्र त्यांपैकी एक. पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेबरोबर त्यांचं संयुक्त संशोधन केंद्र आहे आणि रुग्णांच्या संमतीने साठवलेल्या ऊतींवर तिथे अभ्यास चालतो. त्यात स्तनाच्या कर्करोगाच्या ट्रिपल निगेटिव्ह या प्रकारावर भर आहे. या प्रकाराचं प्रमाण भारतात पाश्चात्य देशांपेक्षा जास्त आढळतं. तो भराभर वाढतो आणि दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उपटण्याकडे त्याचा कल असतो. दाट स्तन आणि असा वेगवान कर्करोग एकत्र आले, तर मागच्या वर्षीच्या नॉर्मल अहवालाचा आधार फारसा उरत नाही.

अहवाल हातात आला की काय विचारायचं, ते पक्कं ठरवून जा. माझी घनता कोणत्या गटात आहे? ती ओळ अहवालात नसेल तर लिहून मागा, केंद्राला ते कठीण नसतं. माझ्या वयाला आणि घरातल्या इतिहासाला सोनोग्राफीची जोड हवी का? पुढची तपासणी केव्हा? आणि मागच्या वेळच्या फिल्म किंवा सीडी सोबत न्यायलाच हव्यात. दाट स्तनात एकच चित्र पाहून सांगता येत नाही, ते दोन वर्षांची चित्रं शेजारी ठेवली की बरेचदा सांगता येतं, कारण पांढऱ्यात झालेला बदल दिसतो. घर बदलताना, माळा आवरताना या सीड्या रद्दीत जातात. त्या मालमत्तेच्या कागदांसोबत ठेवाव्यात, इतक्या त्या मोलाच्या आहेत. ज्या घरात एकापेक्षा जास्त जणींना हा आजार झाला आहे, किंवा कोणाला चाळिशीच्या आतच झाला आहे, त्या घरातल्या मुलींनी चाळिशीची वाट पाहू नये. जनुकतपासणी आणि एमआरआयबद्दल तज्ज्ञांना आधीच विचारावं.

राज्य सरकारकडे आणि पुण्यातल्या खासगी केंद्रांकडेही एक साधं मागणं आहे. अहवालाच्या खाली मराठीत दोन वाक्यं छापा: तुमचे स्तन दाट आहेत किंवा नाहीत आणि दाट असतील तर डॉक्टरांशी पुढच्या तपासणीबद्दल बोला. यासाठी कायद्याची वाट पाहायची गरज नाही, छापखान्याला सांगितलं की झालं.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. मॅमोग्राफी नॉर्मल आली आहे आणि हाताला गाठ लागते आहे, तर हाताचं खरं माना. बोंड आत ओढलं गेलं, त्यातून रक्तासारखा स्राव आला, एका जागी त्वचा संत्र्याच्या सालीसारखी झाली, काखेत गाठ जाणवली, तर अहवालाचं पाकीट बाजूला ठेवा. दुखत नाही म्हणून थांबू नका, कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. सण होऊ दे, मुलीची परीक्षा होऊ दे, सासूबाईंचं ऑपरेशन उरकू दे, असं म्हणत आपल्याकडच्या बायका महिने घालवतात. त्याच आठवड्यात सर्जनकडे जा आणि हाताची तपासणी, सोनोग्राफी आणि गरज पडली तर सुईने तुकडा काढून तपासणी, एवढं झाल्याशिवाय तिथून 'काही नाही' हे उत्तर घेऊन परत येऊ नका.